नळकाकांचं घर विकायला निघतं

नळकाकांना शहरातली निम्मीअधिक घरं ठाऊक होती, पण खालून. तुम्ही-आम्ही कुणाकडे गेलो की आपल्याला दिसतात पडदे, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ. काकांना दिसायची सिंकची खालची बाजू, आणि तीही उताणं पडून, तोंडात बॅटरी धरून. चाळीस वर्षं त्यांनी प्लंबरचं काम केलं. कागदोपत्री नाव काहीही असो, सगळे त्यांना नळकाका म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला ओघानेच काकू. काकांची ख्याती अशी, की समोरच्याने फोन ठेवायच्या आत यांच्या पायात चपला. कुणाचा नळ गळो, कुणाची मोरी तुंबो, तासाभरात माणूस दारात हजर. "पाणी कुणासाठी थांबत नाही, मग मी कसा थांबू?" असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडायचं की प्रत्येक कामावर ते एकदा तरी फुकट मिळायचं.

आता अशा माणसाचं स्वतःचं घर कसं असेल, हे तुम्ही ओळखलंच असेल. तरी सांगतो, कारण तुम्ही ओळखलंय त्यापेक्षा ते वाईट होतं.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. बाहेरचं दार आधी किंचित वर उचलायचं आणि मग खांद्याने ढकलायचं. स्वयंपाकघरातला नळ गळायचा. त्याखाली एक पातेलं कायमचं मुक्कामाला होतं. बाथरूममध्ये लाल खुणेच्या नळाला गार पाणी आणि निळ्या खुणेच्या नळाला गरम, कारण तो बसवताना काकांना एका गिऱ्हाइकाचं बोलावणं आलं आणि घाईत पाइप उलटे जोडले गेले. फ्लशचं बटण दाबून काही होत नसे. टाकीचं झाकण काढून आतलं बूच हाताने उचलायचं. पंख्याचं बटण दाबलं की गॅलरीतला दिवा लागायचा. आणि बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. म्हणजे होती, पण चौकटीतल्या भोकाला ती बोटभर कमी पडायची. त्यावर घरात एक कायदा झाला होता: आत जो असेल त्याने गुणगुणायचं. काका एका जुन्या गाण्याच्या दोनच ओळी घोळवत बसायचे. काकू पाढे म्हणायच्या. मुलगा शिट्टी वाजवायचा. पुढे लग्न होऊन तो परगावी गेला तेव्हा त्याच्या बायकोने सगळ्यांना सांगितलं, की माझ्या सासरी गाण्याची भारी आवड.

काकूंनी सांगून पाहिलं नाही असं नाही. सांगितलं की काका मान डोलवायचे, "हो हो, रविवारी बघतो" म्हणायचे, आणि रविवारी नेमका कुणाचातरी पाइप फुटायचा. पहिली दहा वर्षं काकू भांडल्या. पुढची दहा त्यांनी टोमण्यांवर काढली. नंतर त्यांनी विषयच सोडला. काकांना वाटलं, सवय झाली हिला. नवऱ्यांना असं फार लवकर वाटतं.

पण बायकोला जे जमलं नाही ते गुडघ्यांना जमलं. चाळीस वर्षं लोकांच्या सिंकपुढे टेकलेल्या गुडघ्यांनी एके दिवशी स्वतःच हात टेकले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि जिना बंद म्हणून सांगितलं.

"म्हणजे कमी करू?" काकांनी विचारलं.

"बंद," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर वर्षभरात तुम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागेल."

काकांनी त्याच आठवड्यात धंदा आवरला. मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक घर मिळत होतं. मालक भला माणूस, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवत नाही म्हणाला. तोवर हे विकायचं आणि ते घ्यायचं. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. काकू "बरं" म्हणाल्या, आणि तेवढ्यावर ठरलं.

विकायचं काम आलं भाचीकडे. ही काकांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. हिने नुकताच घरं विकून देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. त्याआधी दोन महिन्यांचा वर्ग केला होता आणि शिकलेलं अजून गरमागरम होतं. पहिल्या दिवशी आली ती दाराबाहेरच उभी राहिली.

"मामा, मी आता भाची नाही. मी गिऱ्हाईक. आतून काही बोलू नका." आणि तिने दार ढकललं. दार जागचं हललं नाही.

"वर उचल आणि खांदा लाव," काका आतून म्हणाले.

"गिऱ्हाईक खांदा लावत नाही, मामा. गिऱ्हाईक जिना उतरून परत जातं."

मग ती घरभर फिरली. जिथे जिथे ती थांबली तिथे तिथे काका मागून म्हणाले, "त्याला एक युक्ती आहे." नळाला युक्ती होती, फ्लशला होती, पंख्याला होती, खिडकीला तर दोन होत्या. शेवटी भाचीने वही मिटली आणि म्हणाली, "मामा, घर विकता येतं. युक्त्या कशा विकायच्या?" मग ती बाथरूममध्ये शिरली आणि दार लोटून घेतलं.

"गुणगुण!" काका बाहेरून ओरडले.

"काय?"

"काहीतरी म्हण! कायदा आहे!"

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चहाला बसल्यावर तिने वहीतून वाचायला सुरुवात केली. चार पानं भरली होती. रंग सगळ्यात शेवटी. आधी ओल कुठून येते ते शोधा, ओलीवर रंग मारला की सहा महिन्यांत पोपडे आणि वर्षभरात शिव्या. भिंतीवरचे फोटो उतरवा. समोर तुमचा मुलगा दिसला की बघणाऱ्याला तिथे आपलं कपाट दिसत नाही. कपाटं अर्धी रिकामी करा, लोक उघडून बघतात आणि गच्च भरलेलं दिसलं की घर लहान वाटतं. "आणि नळ, कड्या, बटणं, बिजागऱ्या," भाची म्हणाली. "छोट्या गोष्टी आधी, मामा. मोठा दोष असला तर माणूस किंमत कमी करून मागतो. पण छोटा दोष दिसला की त्याच्या मनात येतं, दिसतंय ते एवढं, तर न दिसणारं किती असेल! आणि मग तो फोनच उचलत नाही."

काकूंनी वही मागून घेतली. चारही पानं वाचली, परत पहिल्यापासून वाचली, आणि वही परत दिली.

काका कामाला लागले म्हणजे लागले. गुडघे वाकत नव्हते म्हणून ते बुटक्या स्टुलावर बसून काम करायचे, पण हात तेच होते. आधी दार: बिजागरीचे स्क्रू बदलले, खालून रंधा मारला, करंगळीने उघडायला लागलं. मग स्वयंपाकघरातला नळ. त्याला हवा होता एक वायसर, आणि तसे वायसर काकांच्या पिशवीच्या तळाशी पन्नास तरी पडले होते. बसवला, नळ सोडला, बंद केला. एक थेंब नाही. काकूंनी खालचं पातेलं उचललं. आत पांढऱ्या क्षारांचं कडं बसलं होतं. त्यांनी ते नखाने खरवडून पाहिलं.

"झालं बघ," काका खुशीत म्हणाले. "पाच मिनिटांचं काम!"

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पण ते त्यांना तेव्हा कळलं नाही, आणि कळलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

पुढच्या तीन आठवड्यांत फ्लश झाला, पंखा आणि गॅलरीचा दिवा आपापल्या बटणांवर गेले, खिडक्या झाल्या. बाथरूमच्या कडीला अर्धा तास लागला. चौकटीवर नवी पट्टी ठोकली आणि कडी सरळ भोकात जाऊन बसायला लागली. गरम-गार पाण्याची अदलाबदल काकांनी काकू भाजी आणायला गेल्या असताना गुपचूप केली. तेवढीच गंमत, म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी सवयीने निळा नळ सोडला. त्यांचा तेराचा पाढा "तेरा पंचे" पर्यंत व्यवस्थित आला होता. त्यापुढे जे ऐकू आलं ते कुठल्याच पाढ्यात बसत नव्हतं.

घर असं सुधारत गेलं तशा काकू गप्प होत गेल्या. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, बोलणं मोजकं. काकांनी याचा सरळ अर्थ लावला: हिला घर सोडवत नाहीये. मग ते समजूत घालू लागले. "माणसाने जिवाला लावून घेऊ नये," ते म्हणायचे. "शेवटी चार भिंतीच त्या." काकू त्यांच्याकडे अशा बघायच्या, की काकांना वाटायचं आपल्या दाताला काही लागलंय की काय. त्यांनी भाचीला फोनवर सांगितलं, "तुझ्या मामीचा जीव अडकलाय गं या घरात."

आणि मग गिऱ्हाईक आलं. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, बायको दवाखान्यात नर्स. दोघं एका खोलीत राहत होती आणि घराला इतकी आसुसलेली, की जिना चढतानाच त्यांना जिना आवडला. भाचीने खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. घरात उजेड होता, हवा होती, भिंती मोकळ्या होत्या. नवऱ्याने पंख्याचं बटण दाबलं आणि पंखाच फिरला. नर्सबाई बाथरूम बघायला गेली, तिने आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर आली ती खुलूनच.

"किती हलकी चालते हो कडी! सगळंच कसं लोण्यासारखं चालतंय," ती म्हणाली. मग काकूंकडे वळून, अगदी मनापासून, "प्लंबरचं घर म्हणजे तुम्हाला सुखच सुख असेल नाही, काकू?"

काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "मलाही हे घर गेल्या मंगळवारीच मिळालंय."

भाचीने घाईघाईने बिस्किटं पुढे केली, पण आता बिस्किटांनी भागण्यातलं नव्हतं.

"एकतीस वर्षं मी खांदा लावून घरात शिरले," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "हातात पिशव्या असल्या तरी. पोटात मूल होतं तेव्हाही. एकतीस वर्षं त्या नळाखालचं पातेलं उपसलं. अंघोळ करताना पाढे म्हटले, का, तर कुणी दार उघडू नये म्हणून! आणि आता तुम्ही येणार, तर तीन आठवड्यांत सगळं झालं. तुमच्यावर माझा काही राग नाही. तुम्हाला घर द्यायला ना नाही माझी. पण सही मी आत्ता करणार नाही. आधी मी राहणार आहे या घरात."

चष्मेवाला पंख्याकडे बघत राहिला. नर्सबाईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग आम्ही थांबतो, काकू." भाची त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि परत आलीच नाही, खालूनच घरी गेली. शहाणी मुलगी.

काका आणि काकू समोरासमोर बसले.

"अगं, पण इतकं होतं तर सांगायचं नाही का?" काका म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की याहून वाईट प्रश्न दुसरा नसेल.

"सांगायचं नाही का?" काकूंनी तोच परत त्यांच्या पुढ्यात टाकला. "मी वीस वर्षं सांगितलं. पोरीने एकदा सांगितलं."

"मला वाटलं, तुला घर सोडवत नाहीये."

"सोडवत नाहीये? मला या घराचा वीट आला होता! आता कुठे जरा बरं वाटायला लागलंय, तर म्हणे सोड." मग काकू हळू म्हणाल्या, "पाच मिनिटांचं काम, म्हणालात तुम्ही. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. मला वाटायचं, काहीतरी मोठं बिघडलेलं असेल, होत नसेल, म्हणून राहिलंय. पाच मिनिटं होती ती. एकतीस वर्षांत माझ्यासाठी पाच मिनिटं नव्हती."

गिऱ्हाइकांशी बोलताना काकांकडे वाक्यं तयार असायची. त्यांतलं एकही इथे चालणारं नव्हतं.

"मग केव्हा होईल तुझं राहून?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मी कधी राहिलेय का असल्या घरात? मला काय ठाऊक?"

महिना संपायला अठरा दिवस होते. तळमजल्याचा मालक तेवढेच थांबणार होता आणि नर्सबाईही. भाची रोज फोन करायची आणि कुजबुजत विचारायची, "मामी काय म्हणते?" काका म्हणायचे, "मामी राहतेय." याहून जास्त त्यांच्याकडे सांगायला काही नसायचं. भाचीकडून एक बातमी मात्र कळली. चष्मेवाल्याने घर बघून गेल्यावर त्याच संध्याकाळी, कुणी न सांगता, त्यांच्या खोलीतल्या कपाटाचं गेली दोन वर्षं लोंबकळणारं दार घट्ट केलं होतं.

काकू राहत होत्या म्हणजे काय, तर माणसं बोलावत होत्या. त्यांचा एक बुधवारचा पत्त्यांचा अड्डा होता. पोस्टाच्या खिडकीवर नोकरीला असल्यापासूनच्या तीन मैत्रिणी, दर बुधवारी पाळीपाळीने एकीच्या घरी. काकूंची पाळी आली की काकू खाण्याचे डबे करून दुसरीच्या घरी घेऊन जायच्या. या बुधवारी त्या तिघी पहिल्यांदा जिना चढून आल्या. काका स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. दारातच एकीचा खणखणीत आवाज आला.

"संपलं का गं बाई एकदाचं तुमचं रंगकाम?"

"कसलं रंगकाम?" दुसरीने भोळेपणाचा आव आणत विचारलं.

"अगं, हिच्याकडे यायचं म्हटलं की घरात रंग चाललेला असायचा. सतरा वर्षं चाललाय!"

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. काकांनाही आधी हसू आलं, आणि मग चहा उतू गेला तरी ते तिथेच उभे राहिले. सतरा वर्षं रंगकाम. त्यांना कधी पत्ताच नव्हता.

पाहुणे आले की दूध लागतं, साखर लागते, बिस्किटं लागतात. "मी आणतो," काका म्हणायचे आणि निघायचे. उतरताना एक गुडघा बोंबलायचा, चढताना दुसरा. दुसऱ्या आठवड्यात डावा सुजला. त्यांनी सैल पँट घालायला सुरुवात केली आणि तोंडाला कुलूप लावलं.

त्यानंतर काकूंची मोठी बहीण आली, चार दिवसांसाठी. ताई उंच, शिस्तीची, शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. पहिल्या सकाळी ती बाथरूममधून बाहेर आली आणि काकांसमोर पेपर घेऊन बसली.

"कडी लागते आता," ती म्हणाली.

"हो, बसवली."

"बावीस वर्षांपूर्वी बसवली असतीत, तर तेव्हा मी आठवडाभर राहिले असते."

काकांना आठवलं ते इतकंच, की ताई एकदा मोठी बॅग घेऊन आली होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून तातडीचं बोलावणं आलं म्हणून निघून गेली होती.

"शाळेला सुट्टी होती हो," ताई बिस्कीट चहात बुडवत म्हणाली. "दार तुम्हीच उघडलं होतंत. तुमचा तो गुणगुणायचा कायदा मला कुणी सांगितला नव्हता. तुम्ही 'अरे, सॉरी' म्हणालात आणि कामाला निघून गेलात. मी काय, चार महिन्यांत विसरलेही. ही नाही विसरली. दरवर्षी फोनवर म्हणायची, ये गं राहायला. आणि मी हो म्हणायच्या आत स्वतःच म्हणायची, नको, तुझी गैरसोय होईल."

काका पेपर धरून बसले होते, पण एक ओळ वाचली असेल तर शपथ. त्यांना लाज वाटली. गिऱ्हाइकासमोर जोड सुटला की वाटायची ती नव्हे. ती पाना फिरवला की जायची. ही आतपर्यंत गेली आणि तिथेच बसली. आपल्याला शहरातल्या प्रत्येक घरातला पाइप कुठून कुठे जातो ते सांगता येतं, आणि आपल्या घरात हे चाललं होतं ते आपण कधी बघितलंच नाही, एवढं त्यांना स्वच्छ कळलं.

चार दिवस दोघी बहिणींनी नुसत्या गप्पा हाणल्या. काका चहा करून देत आणि गॅलरीत जाऊन बसत. पाचव्या दिवशी दुपारी दोघं ताईला खाली सोडायला गेले. टॅक्सी वळेपर्यंत काकू हात हलवत राहिल्या. मग ते वर यायला निघाले. महिना संपायला तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर काकांचे गुडघे थांबले. काका तिथेच पायरीवर बसले.

"काय झालं?" काकू मागून आल्या.

"काही नाही. जरा वारा खातो."

"जिन्यात कसला वारा?" काकूंनी वाकून त्यांची पँट वर सरकवली. डावा गुडघा कणकेच्या गोळ्यासारखा झाला होता. "अहो! हे कधीपासून?"

"झाले सहा-सात दिवस."

"आणि बोलला नाहीत?"

"तुझं राहणं चाललं होतं ना," काका म्हणाले. "मध्ये कशाला."

काकू त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. वरच्या मजल्यावरचा माणूस पिशवी घेऊन चढत आला, "काय हो काका, इथेच?" म्हणाला आणि दोघांच्या मधून वाट काढत गेला. वर त्याच्या घराचं दार वाजलं.

"त्या तुझ्या मैत्रिणी," काका म्हणाले. "मी स्वयंपाकघरातून ऐकलं. आणि ताईंनीही सांगितलं."

"काय सांगणार लोकांना? नवरा प्लंबर, आणि घरात नळाखाली पातेलं." काकू समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होत्या. "आधी वाटायचं, आपलं घर कुणाला बोलावण्यासारखं नाही. मग इतकी वर्षं गेली, की वाटायला लागलं, घराचं काय, मीच कुणी येऊन भेटण्यासारखी नाही. सगळ्यांच्या घरी मी जायची. माझ्याकडे कुणी नाही."

"माझं चुकलं," काका म्हणाले.

काकू थांबल्या. यापुढे एक 'पण' येणार, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. पण धंदा असा होता, पण लोक अडलेले असायचे, पण रविवारी नेमकं. त्या वाट बघत राहिल्या. तो आला नाही. काका नुसते बसून होते आणि त्यांचे डोळे भरले होते. काकूंना इतकं बरं वाटलं, की त्याचं त्यांनाच नवल वाटलं.

"उद्या पोरीला कागद घेऊन बोलवा," त्या म्हणाल्या. "सही करते."

"अजून तीन दिवस आहेत. राहा की हौसेने."

"फिटली माझी हौस. आता हा गुडघा घेऊन तुम्ही एकदाही चढायचं नाही. आणि त्या तळमजल्याच्या घराची किल्ली आधी माझ्या हातात. मी सगळं उघडून बघणार, लावून बघणार, यादी करणार. यादी संपल्याशिवाय एक खुर्चीसुद्धा आत जाणार नाही."

"कबूल," काका म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. "खरं सांगू? तू गिऱ्हाईक असतीस ना, तर मी पहिल्याच दिवशी आलो असतो."

"मी गिऱ्हाईक असते," काकू उठत म्हणाल्या, "तर पहिल्याच महिन्यात दुसरा प्लंबर बघितला असता. बायको होते, म्हणून वाट बघत बसले."

त्यांनी हात पुढे केला. काका तो धरून उठले, आणि उरलेला मजला दोघं एकेका पायरीवर थांबत चढले.